शनिवारच्या यादीत नाना

नाना गेले त्या दिवशी मी रडलो नाही. हे सांगताना ओशाळायला हवं, पण त्या दिवशी मला त्याचं समाधानच वाटत होतं. डॉक्टरांकडून दाखला, पाथर्डीच्या काकांना फोन, नालेगावच्या अमरधामला पुढे कुणाला पाठवायचं, बहीण पुण्याहून निघाली की नाही, आईजवळ कोण बसणार, हे सगळं मी भराभर लावून टाकलं. मोबाईलवर पाठवायचा मजकूरही मीच नक्की केला. ‘दुःखद निधन’ लिहावं की ‘देवाज्ञा झाली’ यावर चक्क विचार केला आणि भाच्याने लिहिलेल्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक दुरुस्त केली. बाहेरच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, “मोठा धीराचा आहे हो, एवढं सगळं एकट्याने बघतोय.” मी दारामागे होतो. पुढे आणखी काही म्हणतात का, हे ऐकायला जरा थांबलो. आत वडील जमिनीवर निजवलेले, आणि मुलगा दाराआड उभा राहून स्वतःची स्तुती ऐकतोय. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. आमच्या जिल्ह्यात दशक्रियेला माणसं भरपूर येतात. प्रवचन होतं, श्रद्धांजलीची भाषणं होतात आणि मग सगळ्यांचे डोळे पिंडाकडे लागतात. कावळे झाडावर होते, पण खाली यायला तयार नव्हते. काका कानाशी लागून म्हणाले, “इच्छा राहिलीय काहीतरी. बोल.” मी हात जोडले आणि म्हणालो, “नाना, आईची काळजी करू नका, मी आहे.” का म्हणालो? ऊन चढत होतं, माणसं कामाला जायला खोळंबली होती आणि पाहुण्यांच्या गाड्यांनी रस्ता अडल्याचा निरोप येऊन गेला होता. कावळा आला. माणसं मोकळी झाली, मीही झालो. एवढं मोठं वचन मी रस्ता मोकळा करायला दिलं. ते नक्की कुणाला दिलं? नानांना, कावळ्याला, की खोळंबलेल्या गाडीवाल्यांना?

पुढे काही महिने मी स्वतःला चाचपून बघत होतो. नानांच्या फोटोसमोर उभं राहायचं आणि वाट पाहायची, येतंय का काही? येत नव्हतं. मग शंका यायला लागली. लोक ज्याला धीर म्हणाले तो धीरच होता का? आत काही दाबून ठेवलेलं असेल तर ते धीर. पण आत मुळात काही नसेलच, तर त्याला काय म्हणायचं?

याच सुमारास मौलाना आझादांची ‘गुबार-ए-खातिर’ हाती आली. आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्याच कैदेत, १९४२ च्या ऑगस्टपासून, आझादही होते आणि तिथूनच त्यांनी एका मित्राला उद्देशून ही पत्रं लिहिली, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही. पत्रं लिहून होत, पण कैदेतून पाठवता येत नसत. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. आजार बळावल्याच्या बातम्या आधीपासून येत होत्या. सरकारकडे अर्ज करून भेटीची परवानगी मागावी, असं आझादांच्या मनाने घेतलं नाही. पत्नी गेल्यानंतर दोनच दिवसांनी लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या दिवसांचं जे वर्णन केलंय, ते वाचून मी पुस्तक मिटून बसलो. रोजचं वेळापत्रक त्यांनी मोडलं नाही. वर्तमानपत्रं यायची वेळ झाली की काळीज धडधडायचं, पण घाई दिसू द्यायची नाही, जागचं हलायचं नाही, जणू आपल्याला काही विशेष वाटतच नाही. आणि मग त्यांनी स्वतःच कबूल केलंय की हा शांतपणा हे एक सोंग होतं, मनातला अहंकार ते सोंग वठवत होता. किल्ल्याच्या आवारात कुणाची तरी एक जुनी कबर होती. पत्राच्या शेवटी, त्या कबरीबद्दल आता एक वेगळीच जवळीक वाटू लागलीय, असं ते लिहितात.

हे वाचून आधी मला काय वाटलं? बरं वाटलं. म्हटलं, चला, मौलानांचंही आपल्यासारखंच. नगरच्या मातीत ही परंपराच दिसते. एवढा निर्लज्जपणा मनात येऊन गेला आणि मी तो जाऊ दिला. मग थोड्या वेळाने दुसरा विचार आला. त्यांच्या सोंगाखाली वादळ होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. माझ्या सोंगाखाली काय होतं, याचा मला पत्ताच नव्हता. सोंग घ्यायलासुद्धा आत काहीतरी लपवण्यासारखं असावं लागतं.

मग मार्चअखेर आली. मार्चअखेरीला मध्यमवर्गीय माणसाचं डोकं फक्त कागदांनी भरलेलं असतं. घरपट्टी भरायची होती, आईच्या खात्याचं बँकेत काम होतं, नानांच्या पेन्शनमधून तिला जे मिळायचं त्याचे कागद जोडायचे होते. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. त्यामुळे नानांच्या आधारवर अहमदनगर आणि मृत्यूच्या दाखल्यावर अहिल्यानगर. एकाच घरात जन्मून त्याच घरात गेलेला माणूस कागदावर एका गावात राहिला आणि दुसऱ्या गावात वारला. खिडकीवर हे समजावून सांगताना मला हसू आलं, समोरच्याला आलं नाही. तिथून सुटलो तो दाळमंडईत गेलो. वर्षाची ज्वारी भरायची होती. आईने सांगितलं होतं, नवी आलीय, जामखेडकडची बघ.

दुकानात पोती उघडी ठेवलेली. मी भाव विचारला, पोत्यात हात घातला, मूठभर ज्वारी वर काढली, आणि काय झालं कुणास ठाऊक, त्यातला एक दाणा उचलून दाढेखाली धरला आणि फोडला. कट्. असं मी जन्मात कधी केलेलं नव्हतं. दाणा चावून काय कळतं, हे मला आजही कळलेलं नाही. ओल कळते म्हणतात, जुना की नवा ते कळतं म्हणतात. नाना करायचे. एक दाणा, दुसरा दाणा, मान एका बाजूला, डोळे अर्धे मिटलेले, आणि दुकानदार त्यांच्या तोंडाकडे बघत थांबलेला. तो कट् माझ्या तोंडात वाजला आणि माझे गुडघेच गेले. पोत्याची कड धरून मी उभा राहिलो आणि रडायला लागलो. डोळे पाणावले वगैरे म्हणत नाही. आवाज फुटला. अमरधामला, दहाव्याला, फोटोसमोर जे आलं नव्हतं ते आडते बाजाराला लागून असलेल्या गल्लीत, हमालांच्या वाटेत आलं.

किती वेळ ते शुद्ध होतं, हे मला नीट आठवतं. फार वेळ नव्हतं. लगेच मी मान वर करून पाहिलं, ओळखीचं कुणी आहे का? शेजारी मिरचीचं दुकान होतं. मी नाकाला रुमाल लावून ठसका लागल्यासारखं केलं आणि दुकानदाराला म्हणालो, “मिरचीचा खकाणा हो.” त्याने काही न बोलता पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे मलाही कळलं होतं. पोतं बांधून झालं, मी पैसे दिले. सुट्टे नाहीत म्हणत त्याने हिशेब वरच्या आकड्याला पूर्ण केला. घसा अजून दाटलेलाच होता, आणि मी म्हणालो, “दहा रुपये राहिले.”

ह्या दहा रुपयांचं काय करायचं, हे मला अजून उमगलेलं नाही. रडणारा माणूस दहा रुपये विसरतो ना? की विसरत नाही? की जो विसरत नाही, त्याचं रडणंच संशयास्पद?

घरी येताना मी स्वतःची समजूत घातली की हे नानांचंच आहे, रक्तातून आलेलं आहे. नाना एसटीत कंडक्टर होते, तारकपूर आगारात. सुट्ट्या पैशांतच त्यांची सारी नोकरी सरली म्हणा ना. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला सुटली, तिचं तिकीट अडीच रुपये होतं आणि तिच्यावर लक्ष्मण केवटे वाहक होते, हे नाना इतक्या थाटात सांगायचे की नवख्याला वाटावं, केवटेंच्या शेजारी हेच बसले होते. त्या वेळी नाना अजून पाळण्यात होते. पुढे ते स्वतः कंडक्टर झाले तेव्हा सुट्टे नसले की तिकिटाच्या पाठीमागे उरलेली रक्कम लिहून द्यायचे, आणि उतरताना माणूस विसरून चालला तर खिडकीतून हाक मारून त्याचे चार आणे त्याच्या हातावर ठेवायचे. पुढे एसटीत तिकिटाचं मशीन आलं. ते बघून त्यांचं मत एवढंच होतं की मागं लिहायला कागद बरा मिळत नाही. २०२२ साली ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली तेव्हा ते शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्यायचे आणि घरी आणून त्यावरचं आगाराचं नाव वाचायचे.

तर मी म्हटलं, हे सुट्ट्यांचं वेड मला त्यांच्याकडून आलं. सिग्नलला गाडी थांबली आणि तिथेच ही समजूत ढासळली. नाना दुसऱ्याचे पैसे परत करायला हाक मारायचे. मी माझे परत मागत होतो. दिसायला वेड एकच, पण तोंडं उलटी. आणि मी ते वारशाच्या नावावर खपवायला निघालो होतो, तेही डोळे अजून ओले असताना.

याहून वाईट म्हणजे संध्याकाळी मी हे बहिणीला फोनवर सांगितलं. ती रडली, आणि तिच्या रडण्याने मला हलकं वाटलं. इथवर ठीक. पण नंतर मित्राला सांगितलं तेव्हा त्यातून दहा रुपये गळले होते. मिरचीचा खकाणाही गेला. उलट माझा एक अश्रू ज्वारीत पडला, अशी एक भर त्यात आली होती. असं काही झालेलं नाही. मित्र गप्प झाला, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात हवाच होता. प्रत्येक वेळी सांगताना मी थोडा अधिक चांगला मुलगा होत चाललो होतो. आता लिहितोय तर दहा रुपये परत आणलेत. पण ‘दहा रुपये लपवले नाहीत, बघा किती प्रामाणिक’ हे वाचणाऱ्याने म्हणावं म्हणून तर परत आणले नाहीत ना? हा तळ काही लागत नाही. एका मर्यादेनंतर स्वतःला खरवडणं हाही एक थाटच होतो, असं वाटून मी ते सोडून देतो.

पण एक प्रश्न सुटला नाही. तिथेच का? अमरधामला का नाही? सगळं वातावरण तयार होतं, रडायला परवानगी होती, लोक वाट बघत होते. मग दाळमंडईतच का?

याचं उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. माझ्या मोबाईलमध्ये शनिवारची यादी असते. मी सावेडीला राहतो, आई-नाना जुन्या नगरात, माळीवाड्याच्या घरात. नाना होते तेव्हाच्या जुन्या याद्या अजून तशाच आहेत. गॅस. बँक. नानांकडे. गिरणी. टायरची हवा. कुठे ‘नानांकडे’ बँकेच्या आधी, कुठे गिरणीनंतर. रस्त्यात काय सोयीचं पडतं त्यावर ते ठरायचं. आणि झालं की पुढे बरोबरची खूण. प्रत्येक शनिवारी नानांपुढे ती खूण आहे. मी गेलो नाही असा शनिवार सापडत नाही, आणि याचा मला अभिमानही होता. गेलो की उभ्यानेच चहा घ्यायचा, हेल्मेट काखेत. आई म्हणायची, ते हेल्मेट तरी ठेव. मी म्हणायचो, निघायचंच आहे.

यादीत वर्षातून एकदा ‘नाना, हयात’ असंही असायचं. त्यांची ईपीएस-९५ ची पेन्शन होती. ज्या योजनेत किमान पेन्शनच २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, तीतल्या म्हाताऱ्यांनाही दर वर्षी आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. पूर्वी हा कागदी दाखला असे, मग मशीनवरचा अंगठा आला. नानांचा अंगठा मशीनला लागत नसे. म्हातारपणी बोटांवरच्या रेषा झिजतात आणि नानांची बोटं तर आयुष्यभर नाणी मोजून, तिकिटं फाडून गुळगुळीत झालेली. केंद्रावरचा मुलगा ओलं फडकं द्यायचा, पुन्हा ठेवा म्हणायचा. पुन्हा नाही. मागे रांग. एका वर्षी मी त्यांचा अंगठा माझ्या हातात घेतला आणि काचेवर जोरात दाबला. “जरा नीट दाबा ना, नाना!” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ‘हां, हां’ म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. मशीनचा हिरवा दिवा लागला, नाना हयात ठरले, आणि मी मोबाईल काढून खूण केली.

ज्वारीचंही तसंच. शेवटच्या उन्हाळ्यात ते म्हणाले, “मी येतो दाळमंडईला.” मी म्हणालो, “तिथे गाडी लावायला जागा नसते नाना, आणि ऊन किती. मी आणतो ना.” यातला एकही शब्द खोटा नव्हता आणि कारण मात्र वेगळंच होतं. नाना तीन दुकानं फिरणार. दाणे चावणार. मालदांडी म्हणून काय खपवता, ही कुठली विद्यापीठाची नवी जात आहे, असा वाद घालणार. (राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ज्वारीच्या वाणांवर त्यांचा का राग होता कुणास ठाऊक, घरात त्यांचीच भाकरी ते मिटक्या मारत खायचे.) भावासाठी घासाघीस करणार आणि मी बाजूला उभा राहून रस्त्याकडे बघणार. चांगल्या कपड्यातल्या, शिकलेल्या मुलाला त्या घासाघिशीची लाज वाटायची. म्हणून मी एकटाच जाऊन पहिल्या दुकानातून पोतं उचलून आणलं. नानांनी पोत्याचं तोंड सोडलं, दाणा तोंडात टाकला आणि म्हणाले, “ही मालदांडी नाही.” मी म्हणालो, “पोट भरतंय ना?” एवढंच. भांडण झालं नाही. पण पुढच्या शनिवारी मी गेलो तेव्हा ते ज्वारीबद्दल बोलले नाहीत, आणि त्यापुढे कधीच नाही.

आता मला वाटतं, रडू दाळमंडईत आलं यात नवल काहीच नव्हतं. मी नानांना कामांच्या यादीत ठेवलं होतं, मग ते मला दुसरीकडे कुठे भेटणार होते? अमरधामला जे होते ते सगळ्यांचे नाना होते, भाषणांतले, निवृत्त वाहक, मनमिळाऊ स्वभावाचे. माझ्या वाट्याचे नाना बँक आणि गिरणीच्या मधल्या जागेत होते, कारण मीच त्यांना तिथे सोडून आलो होतो.

हे सुचलं तेव्हा क्षणभर छान वाटलं. आणि छान वाटलं म्हणूनच शंका आली. कारण मग ते रडणं शोक होता, की नुसता अपराधीपणा? मी नानांसाठी रडलो, की ‘पोट भरतंय ना’ म्हणणाऱ्या स्वतःसाठी? आझादांच्या त्या पत्रातही पत्नीबद्दलच्या ओळींपेक्षा स्वतःच्या मनाच्या पहाऱ्याबद्दलच्या ओळी अधिक आहेत, असं मला वाटलं होतं, आणि तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात दोषही दिला होता. आता हेच बघा, हा सगळा लेख माझ्याबद्दल झालाय. नाना यात येतात ते माझी बाजू पडावी किंवा उचलली जावी म्हणून. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना आपण त्याच्याबद्दल किती बोलतो? कदाचित शोक आणि अपराध वेगळे काढताच येत नसतील. ज्याच्याशी आपण वागलो त्याच्यासाठीच रडतो, आणि वागण्यात चुका असतातच. एवढंच मला आत्ता म्हणता येतं, आणि तेही पुढच्या महिन्यात म्हणेन की नाही, सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र मी टाळत आलोय. या सगळ्या महिन्यांत मी स्वतःला विचारत राहिलो, मला रडू का येत नाही. आईला येतं का, हे मी एकदाही विचारलं नाही. कावळ्याला दिलेलं वचन मी पाळतोय. तिची औषधं वेळेवर, तिचे कागद पूर्ण, आणि आता यादीत ‘आई’ आहे. गॅस. बँक. आईकडे.

म्हणून परवा गेलो तेव्हा हेल्मेट खाली ठेवलं, बसलो आणि तिला दाळमंडईतली गोष्ट सांगितली. दहा रुपयांसकट सांगितली. खरं तर मला वाटत होतं, ती डोळ्यांना पदर लावील. ती निवडणाचं ताट मांडीवर घेऊन ऐकत होती. दाण्यापाशी आलो तेव्हा तिने हात थांबवला.

“कवळी बसवल्यापासून त्यांना दाण्यातलं काय कळत होतं?” ती म्हणाली. “नुसतं तोंडात धरायचे आणि मान वाकडी करायचे.”

“मग माझ्या ज्वारीला नावं कशाला ठेवली?”

“तुला बरोबर न्यायचं नव्हतं, मग ते काहीतरी बोलणारच. आणि भाकरी तिचीच खाल्ली की शेवटपर्यंत. मला म्हणाले, पोराने चांगली आणलीय, त्याला सांगू नको.”

मला हसू आलं, तीही हसली. म्हणजे दुकानदाराला, मला, सगळ्या दाळमंडईला नानांनी शेवटची काही वर्षं झुलवलं होतं. दाणा कळत नव्हता आणि रुबाब तोच. मी ज्या कट् आवाजावर कोसळलो, तो आवाज नानांच्या तोंडून कैक वर्षांत निघालाच नव्हता.

मग आई बोलत राहिली. लग्नानंतर पहिल्यांदा ती नानांच्या गाडीने पाथर्डीला गेली तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर तिचं पूर्ण तिकीट फाडलं आणि ती रस्ताभर रुसून बसली. कवळी ते रात्री पाण्यात ठेवायचे तो पेला अजून मोरीच्या फळीवर आहे आणि तो हलवायला तिचा हात होत नाही. रात्री झोप लागत नाही, मग ती मोठ्याने बोलते, म्हणजे त्यांच्याशी नाही, उगीचच, घरात आवाज असावा म्हणून. यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मी दर शनिवारी येत होतो.

बाहेर अंधारून आलं होतं. ती मधेच थांबली आणि म्हणाली, “गिरणी सातला बंद होते ना रे? तुला दळण टाकायचं असेल.”

मी म्हणालो, “राहू दे आई, उद्या टाकीन. तू बोल.” पण हे म्हणेपर्यंत मी उठून उभा राहिलो होतो.